दत्तू लिहीत आहे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसलो आहे. कलकत्त्यात गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी वेल्डर होतो. तिथे एका जुन्या बार्जच्या – माल वाहायच्या सपाट जहाजाच्या – टाकीत मेलेला खलाशी आतून ठोकतो, असं सगळे म्हणायचे. बंगाली, बिहारी, ओडिया – कुणी एकटा आत उतरायचा नाही. मी उतरलो. जेवणाच्या सुट्टीत, टॉर्च घेऊन. दहा मिनिटांत ठोकणारा सापडला – पाइपाचा एक क्लॅम्प सुटला होता. नदीतून स्टीमर गेला की बार्ज हलायची आणि तो क्लॅम्प प्लेटवर आपटायचा. काढून आणला आणि फोरमनच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "हा घ्या तुमचा खलाशी." त्यानंतर माझ्यासमोर कुणी असल्या गोष्टी काढत नसे.

असा मी माणूस. आता जे सांगतोय त्यात तसं काही हाताला लागलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. अगदी खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच नाही… मी जे केलं ते कुठेतरी उतरवून ठेवावं, हेही आहे. शिक्षण माझं चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मुलीनं नीट केलंय, वाक्यांना हात लावू दिलेला नाही.

मुलगी म्हणजे वैजयंती, घरात वैजू. सेक्टर फाइव्हला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बायको गेल्यापासून मी तिच्याकडे सॉल्ट लेकला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. जावई बँकेत, बदलीवर सिलिगुडीला. म्हणजे दिवसभर घरात मी एकटा.

माझा धाकटा भाऊ दत्तू, बराकपूरला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो जन्मापासून अडखळत बोलायचा. एक शब्द बाहेर पडायला कधी कधी अख्खं मिनिट लागायचं. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे… मला ते बघवत नसे म्हणा, की मला धीर नव्हता म्हणा, मी त्याचं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचो. दुकानात, दवाखान्यात, चार पाहुण्यांत. लोक म्हणायचे, काय जीव आहे भावावर! मलाही तसंच वाटायचं.

फोनवर तर तो यायचाच नाही. त्याची बायको कुंदा बोलायची आणि तो मागे बसून ऐकायचा. सगळं जग वापरतं ते मेसेजचं अ‍ॅप त्यानं घेतलं नव्हतं. लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी केलेली, बाहेरच्या कंपनीच्या यंत्रात आपलं बोलणं घालायचं नाही हे त्याच्या हाडात बसलेलं. वैजूचा काकावर फार जीव. तिनं त्याला एकदा विचारलं, "काका, मी आपलं घरचं चॅट बनवलं तर? आपल्याच कॉम्प्युटरवर. बाहेरचं कोणी नाही." दत्तूनं मान हलवली. हो अशी.

मग एका रविवारी ती हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसली. मी मागे खुर्ची टाकून बसलो. माझ्या घरात चालणारं मशीन मला कळलंच पाहिजे.

"हे कंटेनर आहे, बाबा."

"कुठाय? मला जुना कॉम्प्युटर दिसतोय."

"आतमध्ये. सॉफ्टवेअरचं. म्हणजे एक बंद डबा समजा. चॅटचा सर्व्हर त्या डब्यात बसतो. त्याला लागतं ते सगळं त्याच्याबरोबर आत. बाहेरच्याला त्याचा त्रास नाही, त्याला बाहेरच्याचा नाही."

"मग टाकी म्हण की सरळ. जहाजातली."

"बरं, टाकी म्हणा."

"आणि आपण लिहिलेलं कुठं राहणार?"

"आतच. टाकी बंद करून पुन्हा सुरू केली तरी राहतं. पण टाकीच पुसून टाकली, तर आतलं सगळं जातं. ते बाहेर वेगळ्या जागी ठेवायची सोय करायची असते. पुढच्या रविवारी करते."

तिनं मला सुरू करायची ओळ शिकवली, बंद करायची शिकवली. इंग्रजी अक्षरं मला येतात, प्लेटांवरच्या खुणा वाचून शिकलोय. मी विचारलं, "आणि पुसायची?"

"ती तुम्हाला कशाला?"

"कुठला व्हॉल्व्ह काय करतो हे माहीत असल्याशिवाय मी मशीनजवळ बसत नाही."

ती हसली आणि सांगितली. मी वहीत उतरवून घेतली. पुढे तिचे रविवार ऑफिसच्या कामात गेले, बाहेर ठेवायची सोय राहूनच गेली.

रोज सकाळी टाकी सुरू करायची, रात्री बंद करायची, हे काम माझं. दत्तू बराकपूरला फोनवर ते पान उघडायचा, आपलं नाव घालायचा, की आत. नाशिकची, पुण्याची भाचरंही आली. सगळे मिळून अकरा जण. कुणी लिहायला लागलं की खाली बारीक अक्षरांत यायचं – अमुक लिहीत आहे… आणि पुढे तीन ठिपके हलत राहायचे.

इथे यार्डातली एक रीत सांगितली पाहिजे. बंद टाकीत उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला मॅनहोलच्या तोंडाशी अडकवून आत जातो, आणि वर आला की काढून घेतो. बिल्ला लटकत असेपर्यंत झाकण लावायचं नाही. मोठा साहेब सांगत आला तरी नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला तर हात लावायचाच नाही. ज्यानं लावला त्याच्याशी पुन्हा कुणी जेवायला बसत नाही. माझा बिल्ला मी घरी आणला होता – कसा ते विचारू नका. टाकी सुरू केली की तो मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला अडकवायचो. वैजूनं त्याचा फोटो चॅटवर टाकला, तर दत्तूनं लिहिलं, "दादा, माझाही अडकव. मीही आतच असतो." मी डब्याच्या पत्र्याचं गोल झाकण कापलं, त्यावर खिळ्यानं ‘द’ कोरला आणि माझ्या बिल्ल्याशेजारी लावला.

आणि दत्तू काय लिहायचा! मला माहीतच नव्हतं. घाटावरच्या लाँचवाल्यांची भांडणं, कुंदानं बंगाली शेजारणीला शिकवलेल्या पुरणपोळ्या आणि त्यांचे झालेले हाल, माझ्या नकला. "दादा आता बटणं दाबून जहाज चालवतो. सगळ्यांनी पोहायला शिकून घ्या." पुण्याची भाची हसून हसून लोळते म्हणाली. माझा भाऊ विनोदी आहे हे मला तो अडुसष्ट वर्षांचा झाल्यावर कळलं. दुपारी झोप काढून चार वाजता तो बसायचा. मी चहा घेऊन ठिपके बघत बसायचो.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यानं हे लिहिलं. मला पाठ आहे.

"दादा, पंचेचाळीस वर्षं एक गोष्ट बोलायची राहिली. तू मला यार्डात भरती करायला घेऊन गेलास त्या दिवशीची. साहेबांनी विचारलं, वेल्डिंगचे रॉड ओले झाले तर काय करशील? मला विचारलं होतं, दादा. मला उत्तर येत होतं. भट्टीत वाळवीन. दोन शब्द. मी सुरुवात केली होती. साहेब पेन खाली ठेवून थांबले होते. ते थांबायला तयार होते. तू नव्हतास. तू म्हणालास, साहेब, याला बोलता येत नाही, हेल्पर म्हणून घ्या. त्यांनी हेल्पर लिहिलं. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या केबली ओढल्या, मग स्टोअरमध्ये लागलो. अजून लिहायचं आहे, पण आज डोळे दुखतायत. उद्या चार वाजता."

सगळ्यांनी वाचलं. भाचीनं खाली रडणारं तोंड टाकलं.

मग माझं डोकं फिरलं. मी याला गावाहून आणला, माझ्या खोलीत ठेवला, फोरमनच्या हातापाया पडून आत घुसवला – आणि हा पोराबाळांसमोर माझा पंचनामा करतो? साहेबांनी याला बाहेरच काढलं असतं, मी बोललो म्हणून हेल्पर तरी झाला! संध्याकाळी फोन केला. कुंदाला म्हटलं, "त्याला दे."

तिकडे त्यानं फोन घेतलेला कळला. श्वास ऐकू येत होता.

"ते पुसून टाक," मी म्हटलं. "आणि पुढचं काही लिहायचं नाही. कळलं?"

काहीतरी यायला लागलं होतं. नुसता घसा… शब्द नव्हता अजून. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ठिपके सुरू झाले. दत्तू लिहीत आहे… मी समोरच बसलो होतो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. इतका वेळ काय लिहितोय? सगळं काढतोय की काय? यार्डात त्याला साहेबलोक हसायचे तेव्हा मीही हसलो होतो, ते? आईच्या आजारपणातलं?

मी वही उघडली.

नुसती टाकी बंद केली असती तर त्यानं आधी लिहिलेलं आत राहिलं असतं. वैजूनं संध्याकाळी विचारलं असतं, बंद का? मग सुरू केली असती. म्हणून बंदची ओळ मी घेतली नाही. हे मला चांगलं आठवतं – मी विचार करून घेतली नाही. आधी कॉम्प्युटरच्या कोपऱ्याचा त्याचा बिल्ला काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. ठिपके हलत होते. मग पुसायची ओळ एकेक अक्षर बघून घातली आणि बटण दाबलं. एका सेकंदाचं काम. पान पांढरं झालं.

संध्याकाळी वैजू आली. "बाबा, चॅट का बंद आहे?"

"दुपारी लाईट गेली होती. त्यानंतर चालूच होत नाही."

तिनं बघितलं आणि ती कपाळ धरून बसली. "सगळं गेलं… मी बाहेर ठेवायला पाहिजे होतं. शनिवारी नवीन बनवते."

शनिवार यायच्या आधी, तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाचा फोन आला. दत्तू अंघोळीहून आला, खुर्चीत बसला, आणि गेला. इतकंच. डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं.

बराकपूरच्या घाटावर सगळं आटोपून आम्ही घरी बसलो होतो. कुंदा म्हणाली, "दोन दिवस एकच चाललं होतं त्यांचं. फोन घेऊन बसायचे. मी विचारलं तर पाटीवर लिहून दाखवलं, ‘दादाला लिहितोय, जात नाही.’ मग पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. चार-चार वेळा." मग वैजूकडे वळून म्हणाली, "त्यांनी काय लिहिलंय ते मला दाखवशील का गं? माझ्याकडे त्यांचा आवाज असा काही नाहीच. लिहिलेलं तरी असू दे."

वैजू रडायलाच लागली. "काकू, नाही राहिलं. माझी चूक आहे. लाईट गेली आणि… मी सोय केली नव्हती. मला माफ करा काकू."

कुंदानं तिला जवळ घेतलं. म्हणाली, "जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस?"

मी समोर बसलो होतो. हातात चहाचा कप होता. मी एक घोट घेतला.

तेरावं झालं. त्यानंतरच्या शनिवारी वैजूनं नवी टाकी बनवली. म्हणाली, काकूला आता सोबत लागेल, तिलाही फोनवर शिकवू. अगदी कोरी टाकी. आत दोनच नावं घातली होती – तिचं आणि माझं. रविवारी दुपारी मी आणि ती हॉलमध्ये होतो. ती वाटाणे सोलत होती. मी पान उघडून बसलो होतो, सवयीनं.

चार वाजले आणि खाली बारीक अक्षरांत आलं – दत्तू लिहीत आहे…

तीन ठिपके. हलणारे.

मला वाटलं, माझ्या डोळ्यांचं काहीतरी आहे. तेवढ्यात वैजूचा हात थांबला. "बाबा… हे नाव तुम्ही घातलं?"

"मला कुठं येतं?"

ती उठली, कॉम्प्युटरवर बसली. नावांची यादी काढली. दोन नावं. ती, मी. आत कोण कोण जोडलेलं आहे ते काढलं. आम्ही दोघंच. ठिपके चालूच. अर्ध्या तासानं विझले. मेसेज काही आला नाही.

"जुनं पान कुठेतरी अडकलं असेल," ती म्हणाली. मला बरं वाटलं. तो बार्जमधला क्लॅम्प आठवला. म्हटलं, सापडेल.

सोमवारी पुन्हा चार वाजता. मंगळवारीही. वैजूनं दत्तूचा फोन मागवून घेतला. तो बंद होता, चार्जिंग संपलेला. चालू केला तर कुठलंही पान उघडलेलं नव्हतं. बुधवारपासून तिनं घरून काम केलं. चारला पाच मिनिटं असताना तिनं नेटची वायर भिंतीतून उपटली. बाहेरचं कुणी येऊच शकत नाही, म्हणाली. चार वाजता ठिपके आले. गुरुवारी तिनं टाकी पुसून दुसरी बनवली, वेगळ्या नावाची, वेगळा सर्व्हर. शुक्रवारी चार वाजता – दत्तू लिहीत आहे… नव्या सर्व्हरला मराठी येत नव्हतं. बाकी सगळं इंग्रजीत होतं. ती एकच ओळ मराठीत.

वैजूनं खुर्ची माझ्याकडे वळवली. आईच्या डोळ्यांनी बघते ती अशा वेळी.

"बाबा, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मी मघाशी बघितलं. कॉम्प्युटर बंद झाल्याची नोंदच नाही त्या दुपारी. तुम्ही काय केलंत?"

मी म्हटलं, "काय करणार? म्हातारा माणूस. चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल."

"ती ओळ चुकून दाबली जात नाही. पूर्ण लिहावी लागते."

मग सांगितलं. तो आत होता, ठिपके दिसत होते, आणि मी पुसलं, हेही सांगितलं. बिल्ल्याचंही.

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो. "मी काकूंसमोर रडले, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही तिथं होता. चहा पीत होता."

"हो."

"काकूंना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. आणि फोनवर नाही सांगायचं."

मी कुंदाला बोलावलं. आज ये, उद्या ये असं करत चार दिवस मी काढले. शेवटी वैजूनंच दिवस ठरवला. कुंदा बराकपूरहून लोकलनं सियालदाला आणि तिथून मेट्रोनं, एकटी आली. पिशवीत माझ्यासाठी तिळाच्या वड्या होत्या. दुखवट्याचं वर्ष म्हणून स्वतःच्या घरी काही केलं नव्हतं, शेजारणीकडून करून आणल्या होत्या. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

तिला ठिपक्यांचं वैजूनं फोनवर सांगितलं होतं. माझं काहीच सांगितलं नव्हतं. चारला दहा मिनिटं कमी असताना कुंदा खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली. पदर नीट केला. जशी काही कुणाला भेटायलाच आलीय.

चार वाजले. ओळ आली.

मला वाटलं होतं ती घाबरेल, रडेल. ती पुढे वाकली. ओळ हळू वाचली. आणि म्हणाली, "लिहितायत."

"कुंदा, हे बघ, हे मशीनचं काहीतरी…"

"हळू बोला ना, भाऊजी." तिचे डोळे पडद्यावर होते. "लग्न झालं तेव्हा मलाही घाई व्हायची. सासूबाई म्हणाल्या, त्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, आपलं काम करत राहा, त्याचं त्याचं येतं. तसंच व्हायचं. मी भाजी निवडत बसायची. शेवटी यायचं. नेहमी यायचं." तिनं वैजूला विचारलं, "निवडायला काही आहे का गं?"

वैजूनं तिला मेथी आणून दिली. कुंदा मेथी निवडायला लागली. ठिपके हलत होते. दहा मिनिटं. वीस. उन्हाची तिरीप सरकत भिंतीवर आली. मी ठरवलं, आता सांगायचं. तोंड उघडलं. "कुंदा, त्या दिवशी मी…" आणि पुढचा शब्द येईना. खरंच येईना. घशात होता. जीभ वर लागली होती. कपाळाला घाम आला. कुंदा माझ्याकडे बघत राहिली. तिनं माझं वाक्य पुरं केलं नाही. बघत राहिली, थांबली.

मला ते सोसलं नाही. मी कीबोर्ड पुढे ओढला. एका बोटानं मी लिहितो, अक्षर शोधत शोधत. ती वाचतेय हे मला कळत होतं. मी लिहिलं –

"दत्तू टाकी मी पुसली. लाईट गेली नव्हती. तू आत होतास मला माहीत होतं. तुझं मला ऐकायचं नव्हतं म्हणून पुसली. साहेबांनी तुला विचारलं होतं. माफ कर. दादा."

लिहायला पाव तास लागला असेल. त्या पाव तासात खाली त्याचे ठिपके चालूच होते. तो लिहीत होता, मी लिहीत होतो. ठिपके थोडे जोरात हलतायत असंही मला वाटलं, पण ते मी शपथेवर सांगणार नाही. मी पाठवायचं बटण दाबलं.

माझी ओळ वर चढली. आणि ठिपके गेले. विझत विझत नाहीत. पटकन.

कुंदानं सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या, निवडलेली जुडी ताटलीत नीट ठेवली. मला वाटलं आता शिव्या देईल. मी तयार होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुसलंत त्याचं जाऊ दे, भाऊजी," ती म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा. पण आत्ता… आत्ता त्यांचं होत आलं होतं ना? थोडं थांबायचंत."

"मला माफी मागायची होती, कुंदा."

"मागायची होती ना. नंतर मागायची होती."

तिनं पिशवी घेतली. वैजू मेट्रोपर्यंत सोडायला गेली. तिळाच्या वड्या टेबलावर राहिल्या. मी खाल्ल्या नाहीत, टाकल्याही नाहीत.

त्यानंतर आजपर्यंत ती ओळ आलेली नाही. टाकी आम्ही रात्रीही बंद करत नाही. वैजूनं आतलं सगळं बाहेर ठेवायची सोय केली, दोन ठिकाणी. रोज चार वाजता मी बसतो. चहा घेऊन नाही, नुसता. कुंदा आठवड्यातून एकदा वैजूला फोन करते, "काही आलं का?" विचारते. माझ्याशी ती बोलते – औषध घेतलंत का, थंडी कशी आहे, एवढं. त्याहून जास्त नाही, आणि मी मागितलेलंही नाही.

वैजूनं तिच्या ऑफिसातल्या दोन हुशार माणसांना घरी आणून सगळं दाखवलं. एक म्हणाला, असं होऊ शकत नाही. दुसरा म्हणाला, तुम्ही ते बघितलंच नसेल. आम्ही तिघांनी बघितलं. तिघांपैकी एकटी वैजू या कामातली आहे, आणि तिलाच सगळ्यात कमी समजलंय असं ती म्हणते.

तुम्हा वाचकांपैकी कुणी या यंत्रांचे जाणकार असतील, ते काहीतरी कारण काढतील. काढा, मला राग नाही. जे नाव आत नव्हतं ते कुठून आलं, हे कळलं तर मलाही हवंय. पण त्यानं माझं भागणार नाही. मला रोज चार वाजता दुसराच प्रश्न पडतो. मी बटण दाबलं त्या क्षणी दत्तू थांबला, तो त्याचं लिहून झालं म्हणून थांबला… की मी मधे बोललो म्हणून?